छात्रशिक्षकांना डिफरन्शिएशन शिकवायचं कसं? टाचणात दिसतं, वर्गात दिसत नाही

खडूची_धूळ

नमस्कार मंडळी. मी शिक्षक-प्रशिक्षणाच्या कॉलेजात शिकवते. सध्या सराव पाठांचं निरीक्षण चालू आहे आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा.

आमच्या प्रत्येक छात्रशिक्षकाच्या टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) एक चौकट असते, 'वैयक्तिक भिन्नतेनुसार अध्यापन', म्हणजेच डिफरन्शिएशन, मुलामुलांमधला फरक बघून शिकवणं. त्यात सगळे एकच लिहितात, हुशार मुलांना जादा उदाहरणं, मध्यम मुलांना पुस्तकातली, मागे पडणाऱ्यांना सोपी. आणि प्रत्यक्षात पाठ एकच, एकाच वेगाने, सगळ्यांना. परवा अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ बघत होते. खिडकीजवळच्या मुलीने फळ्यावरची गणितं लिहून होताहोताच सोडवली, तर तिला तशीच आणखी सहा दिली. तिच्या मागच्या बाकावरचा मुलगा १/२ + १/३ = २/५ लिहून पुढच्या गणिताला लागलेला. त्याच्या वहीकडे तास संपेपर्यंत लक्ष गेलं नाही. छेद सारखे करायची रीत मात्र फळ्यावर अगदी सुबक लिहिली होती, समजावलीही छान होती.

थिअरीच्या पेपरात हेच छात्रशिक्षक उत्तम लिहितात. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ कॅरल अ‍ॅन टॉमलिन्सन यांची मांडणी तोंडपाठ असते, आशय, प्रक्रिया, निर्मिती आणि वातावरण यांत बदल करायचा, मुलांची तयारी, आवड आणि शिकण्याची ढब बघून करायचा. पोरं मनापासून कष्ट घेणारी आहेत, प्रश्न आळसाचा नाही. पेपरातून वर्गात जाताना मधेच कुठेतरी हे गळून पडतं.

तर विचारायचं असं की जे वर्गावर शिकवतात ते हे नक्की कुठे शिकले? आणि कॉलेजात शिकवणाऱ्यांनी काय करून बघितलंय?

पाटीपेन्सिल

चांगला विषय. मी प्राथमिकला आहे आणि हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. पहिल्या शाळेत शेजारच्या वर्गाच्या बाई होत्या, त्या रोज मधल्या सुट्टीत वह्या घेऊन बसायच्या. तपासायच्या नाहीत, नुसत्या वाचायच्या, आणि मधेच म्हणायच्या "हे बघ, याने असं का केलं असेल?" मी शेजारी बसून बघायचे. तेवढंच माझं ट्रेनिंग.

त्या २/५ वाल्या मुलाबद्दल. त्याला छेदाची रीत परत सांगून फार उपयोग नाही, कारण रीत ऐकूनच त्याने ते केलंय. त्याला विचारायचं, २/५ हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान? लहान, हे बहुतेक मुलांना चित्र काढून कळतं. मग अर्ध्यात आणखी काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं? इथे मूल थांबतं आणि स्वतः वही पुढे ओढतं. आणि त्या खिडकीजवळच्या मुलीला हेच उलटं द्यायचं, "एका मुलाने असं लिहिलंय, त्याला न रागावता कसं पटवशील?" तिलाही विचार करावा लागेल. नवीन वर्कशीट एकही नाही.

तिरकी_रेघ

थोडा वेगळा सूर लावतो. मी माध्यमिकला बरीच वर्षं आहे. वर्ग भरलेला, तास छोटा, पोर्शन डोक्यावर. अशात रोज तीन पातळ्यांचं टाचण काढा म्हणणं मला पटत नाही. आणि छात्रशिक्षकाला तर अजून वर्ग हातात ठेवता येत नसतो, आवाज फुटत नसतो, फळ्याकडे बघावं की मुलांकडे हेच कळत नसतं. त्याला आधी एक पाठ सगळ्यांना नीट समजेल असा घेऊ द्या. बाकीचं दोन-तीन वर्षांनी येतं आपोआप.

निवांत

वाचतेय. वाचनखूण साठवली.

सराव_चालू_आहे

मी सध्या ट्रेनिंगलाच आहे त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहिते. खडूची_धूळ मॅडम, कृपया राग मानू नका.

आम्हाला मुलांमधला फरक दिसत नाही असं नाहीये. दिसतो. पण निरीक्षणाचा जो फॉर्म असतो त्यात गुण कशाला आहेत बघा. प्रस्तावना, आवाज, फलक लेखन, शैक्षणिक साहित्य, वेळेचं नियोजन, टाचणाप्रमाणे पाठ झाला का. आता मला पाठाच्या मधे कळलं की निम्म्या वर्गाला मागचाच मुद्दा समजला नाहीये, तर मी काय करू? थांबून परत घेतलं तर पाठ पूर्ण होत नाही, गुण जातात. माझी एक मैत्रीण थांबली होती. तिने मुलांना जोड्यांमध्ये बोलायला लावलं आणि स्वतः दोन बाकांवर जाऊन बसली, आणि शेरा मिळाला "वर्ग नियंत्रणाकडे लक्ष द्यावे, पाठ अपूर्ण". त्यानंतर आमच्या गटातलं कुणीही टाचण सोडून इकडेतिकडे गेलेलं नाही.

आणि अजून एक. सराव पाठाला आम्ही जातो तेव्हा मुलं अनोळखी असतात, नावं पण माहीत नसतात. ज्यांना आपण आज पहिल्यांदा बघतोय त्यांच्यातली कुणाची तयारी किती हे टाचणात आदल्या रात्री कुठून लिहिणार? म्हणून हुशार-मध्यम-मागे अशी चौकट भरतो. भरली नाही तर टाचणावर सही होत नाही.

जुना_फळा

@सराव_चालू_आहे, या धाग्यावरची सगळ्यात महत्त्वाची पोस्ट तुमची आहे.

गणितवेडा

@तिरकी_रेघ, तीन पातळ्यांचं टाचण रोज शक्य नाही हे शंभर टक्के मान्य. पण डिफरन्शिएशन म्हणजे तीन टाचणं ही समजूतच आधी काढून टाकायला हवी असं माझं मत. मी नव्या शिक्षकांबरोबर एक प्रकार करतो तो सविस्तर लिहितो, कारण तो कुठल्याही कॉलेजात, काहीही खर्च न करता होतो.

प्राथमिकच्या मुलांना एकच गणित द्यायचं:

८ + ४ = ☐ + ५

मोठ्यांना वाटतं यात काय आहे. मुलांची उत्तरं येतात १२, १७ आणि ७. (हे उदाहरण गणित-शिक्षणातल्या अभ्यासांमध्ये १९९० च्या दशकापासून प्रसिद्ध आहे, माझा शोध नाही.) मुलांच्या चिठ्ठ्या छात्रशिक्षकांसमोर टेबलावर ओतायच्या आणि म्हणायचं, ढीग करा. पहिल्यांदा ते दोनच ढीग करतात, बरोबर आणि चूक. मग म्हणायचं, आता बरोबर-चूक विसरा, "मुलाने काय विचार केला असेल" यावर ढीग करा. इथून खरी मजा.

१२ वाल्याला = चा अर्थ "आता उत्तर लिही" असा वाटतोय, पुढचे + ५ त्याच्या लेखी नाहीतच. १७ वाल्याने दिसेल ते सगळं मिळवलंय. म्हणजे चुका दोन दिसल्या तरी गरज जवळपास एकच आहे, बरोबरचं चिन्ह म्हणजे दोन्ही बाजू सारख्या हे कळणं. त्यांना आणखी बेरजा देऊन काहीही होणार नाही, बेरीज त्यांना उत्तम येते! त्यांना ७ = ७ बरोबर की चूक, १२ = ८ + ४ बरोबर की चूक, ८ + ४ = ४ + ८ बरोबर की चूक, असं विचारून भांडू द्यायचं. १२ = ८ + ४ ला बरीच मुलं ठामपणे "उलटं लिहिलंय, चूक" म्हणतात.

आता ७ वाला ढीग. छात्रशिक्षक हा बाजूला सारतात, यांना येतंय म्हणून. तर तोही उघडायचा. एकीने १२ काढून त्यातून ५ वजा केले. दुसऱ्याने काहीच हिशेब केला नाही, म्हणाला ५ हे ४ पेक्षा एकने जास्त, म्हणून चौकटीत ८ पेक्षा एक कमी. दोघांचं उत्तर सारखं, पण दुसरा बीजगणिताच्या दारात उभा आहे. पहिलीला ५८ + ३७ = ☐ + ३८ दिलं की तिलाही वाटतं, एवढी बेरीज कशाला करू.

म्हणजे हुशार-मध्यम-मागे ही चौकट इथे लागूच होत नाही. एका गणितापुरते, एका दिवसापुरते ढीग झाले, उद्या वेगळ्या प्रश्नाला वेगळे होतील. छात्रशिक्षकाला मुलांची नावं माहीत नसली तरी हे जमतं. आदल्या दिवशी एक प्रश्नाची चिठ्ठी भरून घ्या, बस.

उगवती

छान चर्चा. मला वाटतं सुरुवातीलाच मुलांची लर्निंग स्टाईलची टेस्ट घ्यावी, व्हिज्युअल, ऑडिटरी, कायनेस्थेटिक (बघून, ऐकून, हाताने करून शिकणारे), आणि तसे गट करून तसं शिकवावं. आमच्या ट्रेनिंगमध्ये हेच सांगितलं होतं आणि मुलांनाही आवडतं ते.

संदर्भप्रेमी

@उगवती, यावर जरा थांबू या, कारण छात्रशिक्षकांना हे अजूनही खूप ठिकाणी शिकवलं जातं. २००८ साली पॅशलर, मॅक्डॅनियल, रोहरर आणि ब्यॉर्क या चौघा मानसशास्त्रज्ञांनी यावरच्या उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. मुलाची स्टाईल ओळखून त्या स्टाईलने शिकवलं तर ते जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. मुलांच्या आवडीनिवडी असतात हे खरं, पण त्यावरून कायमचे गट पाडायचे म्हणजे "हा ऐकून शिकणारा" म्हणून त्याला नकाशाच दाखवायचा नाही असं होईल. नकाशा सगळ्यांनाच बघावा लागतो आणि कविता सगळ्यांनीच ऐकायला हवी.

वर टॉमलिन्सनबाईंच्या मांडणीत 'शिकण्याची ढब' आली आहे, आणि टीकाकार नेमकं त्यावरच बोट ठेवतात. माझं म्हणणं, छात्रशिक्षकांना सुरुवातीला फक्त 'तयारी' धरायला सांगा. या मुलाला या मुद्द्यातलं आत्ता काय येतंय. तेवढं जमलं तरी खूप.

उगवती

हे माहीत नव्हतं, बघते वाचून. पण मग एकच गोष्ट चित्रातून, बोलून, हाताने करून अशी सगळ्या प्रकारे घेणं यात काही गैर नाही ना?

संदर्भप्रेमी

अजिबात नाही, उलट ते चांगलंच. फक्त सगळ्यांसाठी सगळे प्रकार असू द्यात, मुलांवर चिकटपट्टी नको.

सहजसोपं

मी विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर काम करते. उगवतीताईंचा शेवटचा मुद्दा धरून पुढे जाते. आमच्याकडे युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग म्हणून जे सांगतात (कास्ट नावाची संस्था आहे, १९८४ ची, तिथून हे आलं) त्याचा गाभा हाच आहे की अडथळा मुलात शोधायच्या आधी धड्यात शोधा.

छात्रशिक्षकांना मी एक शाब्दिक गणित देते आणि विचारते, यात मुलाची परीक्षा नक्की कशाची आहे? गणित चार ओळींचं, त्यात अवघड शब्द, लांब वाक्यं. ज्या मुलाला वाचन जड जातं ते गणितापर्यंत पोचतच नाही आणि आपण लिहितो "गणितात कच्चा". तेच गणित वाचून दाखवलं, किंवा दोन छोट्या वाक्यांत मोडलं, की कित्येकदा मूल चटकन सोडवतं. आकडे तेच, विचार तोच, सोपं काहीच केलेलं नाही. "उद्दिष्ट तेच, वाट वेगळी" आणि "उद्दिष्टच सोपं करून टाकलं" यातला फरक प्रत्येक छात्रशिक्षकाला हातात धरून दाखवायला हवा. टाचणातल्या 'मागे पडणाऱ्यांना सोपी उदाहरणं' यात नेमकं दुसरं होतं. ते मूल वर्षभर सोपंच करत राहतं आणि दरी वाढत जाते.

दोन_पिल्लं

मी शिक्षक नाही, पालक. राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या धाकट्याच्या वर्गात गट होते, त्यांना पक्ष्यांची नावं होती. शाळेला वाटत होतं मुलांना कळत नाही. त्याने मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "आई, गरुड म्हणजे ज्यांना येतं ते, आणि आम्ही चिमण्या." वर्षभर तो चिमणीच राहिला. भाषेत, गणितात, चित्रकलेतसुद्धा तोच गट. तो चित्रं इतकी सुंदर काढतो! नवीन शिक्षकांना एवढं नक्की शिकवा की गट मोडायचेही असतात.

पाटीपेन्सिल

@दोन_पिल्लं, अगदी मनातलं. मुलं नावं ओळखतातच. गरुडांचे बगळे केले तरी ओळखतील :)

जुना_फळा

अवांतर आहे पण याच्याशी जोडलेलं. गट पाडला की शिक्षकाचं वागणंही बदलतं. ज्याच्याकडून उत्तर येईल असं वाटतं त्याला आपण जास्त वेळ देतो, दुसऱ्याला दोन सेकंदांत "बस खाली". छात्रशिक्षकाच्या पाठाला मागे बसून नुसतं हे टिपायचं, कुणाला प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी किती थांबले. बाकांचा नकाशा काढून खुणा करत जायचं. पाठ झाल्यावर शेरा न देता तो कागद हातात ठेवायचा. बोलावं लागत नाही, त्यांना स्वतःलाच दिसतं की डावीकडची रांग पूर्ण कोरी आहे.

तिरकी_रेघ

गणितवेडा सरांचे ढीग आवडले, खरंच. चिठ्ठी उद्याच घेऊन बघतो. पण माझा वेळेचा मुद्दा अजून उभा आहे. ढीग झाले, पुढे काय? तीन ढिगांना तीन वेगळ्या गोष्टी एका तासात एकटा माणूस कशा देणार? आणि नवखा माणूस?

गणितवेडा

@तिरकी_रेघ, रास्त प्रश्न. नवख्याला मी वेगवेगळी कामं द्यायला सांगतच नाही. एकच काम, पण ज्याला दार बुटकं आणि छत उंच आहे असं. उदा. "क्षेत्रफळ २४ चौ. सेमी येईल असे आयत काढा." चौकटीच्या कागदावर मोजून कुणालाही एक तरी जमतो. मग १×२४, २×१२, ३×८, ४×६ असे चार सापडतात, आणि सगळे सापडले हे कशावरून, असं विचारता येतं. मग परिमिती, ५०, २८, २२, २०. क्षेत्रफळ तेच आणि परिमिती इतकी वेगळी, यावर बरीच मुलं अडतात, भांडतात. ज्यांचं झालं त्यांना विचारा, बाजू पूर्ण संख्या नसली तर २० पेक्षा कमी येईल का? ती मुलं तासभर गुंततात, चौरसाकडे सरकत जातात. सगळ्यांचं काम एकच, शेवटी चर्चाही एकत्र, आणि कुणी चिमणी नाही.

छात्रशिक्षकांना सरावाला हे द्या, पुस्तकातलं एक बंद गणित घ्या आणि ते असं उघडा. आठवड्याला एक.

सराव_चालू_आहे

हे आम्ही नक्की करू शकतो! अजून एक सुचलं. आमच्याकडे सूक्ष्म अध्यापन असतं, म्हणजे आमचेच मित्रमैत्रिणी विद्यार्थी होऊन बसतात. पण ते सगळे शहाण्यासारखी बरोबर उत्तरं देतात, कारण सगळ्यांना पटकन संपवायचं असतं. त्याऐवजी प्रत्येकाला एक कार्ड दिलं तर? "तुला ०.४५ हे ०.५ पेक्षा मोठं वाटतं कारण आकडे जास्त आहेत", "तुला सगळं येतं आणि तू कंटाळली आहेस", "तुला समजलं नाहीये पण तू विचारणार नाहीस". आणि शिकवणाऱ्याला माहीत नाही कुणाकडे कोणतं कार्ड.

संदर्भप्रेमी

@सराव_चालू_आहे, झकास. सूक्ष्म अध्यापन १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्डला ड्वाइट अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी सुरू केलं तेव्हा त्यात छोटा पाठ, लगेच प्रतिसाद, मग तोच पाठ पुन्हा, असा क्रम होता. बऱ्याच ठिकाणी तो 'पुन्हा' गळून जातो. तुमची कार्डं लावाल तेव्हा दुसरी फेरी जरूर ठेवा, पहिल्यांदा कळतं कोण कुठे अडलंय, दुसऱ्यांदा त्यावर काहीतरी करून बघता येतं.

अजून एक. शिक्षकी पेशाचा अभ्यास करणाऱ्या डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलंय की शिक्षक व्हायला येणारा माणूस आधीच हजारो तास बाकावर बसून शिक्षक बघून आलेला असतो, आणि तेच त्याच्या अंगात मुरलेलं असतं. त्याने स्वतः कधी असा वर्ग अनुभवलाच नसेल तर व्याख्यानाने तो कसा घडणार? खडूची_धूळ मॅडम, तुमचे स्वतःचे तास कसे असतात? डिफरन्शिएशनवरचं लेक्चर सगळ्यांना एकच असतं का?

खडूची_धूळ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन दिवस सगळं परत परत वाचतेय.

@संदर्भप्रेमी, हो, लेक्चर सगळ्यांना एकच असतं, अभ्यासक्रमात तसंच मांडलेलं आहे. पण ते बदलणं माझ्या हातात आहे. पुढच्या घटकाच्या आधी एक चिठ्ठी भरून घेणार. ज्यांनी आधी शिकवण्या घेतल्या आहेत त्यांना मुलांच्या खऱ्या वह्या आणि ढीग, जे कधीच वर्गासमोर उभे राहिले नाहीत त्यांना आधी एका मुलाबरोबर दहा मिनिटांची मुलाखत, "हे कसं केलंस सांग". नंतर दोघांना एकत्र बसवायचं.

@सराव_चालू_आहे, राग कसला. फॉर्मचा विषय मी विभागात मांडला आहे. 'टाचणाप्रमाणे पाठ झाला का' याच्या जागी 'पाठात कुठे बदल केला आणि मुलांच्या कोणत्या उत्तरामुळे' असा मुद्दा घालायचा प्रस्ताव आहे. त्यावर वाद झाला, एका सहकाऱ्यांचं म्हणणं की मग तयारी न करता येणारे याचा आडोसा घेतील. म्हणून 'कोणत्या उत्तरामुळे' हे शब्द महत्त्वाचे आहेत, मुलाचं उत्तर दाखवता आलं तरच गुण. आणि हुशार-मध्यम-मागे ही चौकट काढून तिथे 'या मुद्द्यात मुलं कुठे अडू शकतात' एवढाच प्रश्न ठेवणार. त्याला उत्तर द्यायला आशयाचा नीट अभ्यास करावाच लागतो, आडोसा मिळत नाही.

राहिली अनोळखी मुलांची अडचण. सराव पाठ चालू व्हायच्या आधी त्याच वर्गाच्या वह्या बघायला मिळाल्या तर बरंच सुटेल, पण शाळा तयार होतील का माहीत नाही. शिक्षकांना वाटतं आपली तपासणी होतेय.

तिरकी_रेघ

आमच्याकडे पुढच्या सत्रात छात्रशिक्षक येणार आहेत. माझ्या वर्गाच्या वह्या मी त्यांना आठवडाभर आधी देतो, मुख्याध्यापकांशी बोलून ठेवतो. नावं झाकून देऊ की नावांसकट?

खडूची_धूळ

नावांसकट द्या सर. पाठाला आल्यावर त्या मुलापर्यंत जाता यायला हवं. फक्त आधीचे गुण आणि शेरे झाकून ठेवा.

तिरकी_रेघ

ठीक. झाकून देतो.